गोणपाटांचा कौल

कुठल्याशा डोंगरापलीकडं एक जंगल होतं. नाव सांगत नाही. तिथल्या मंडळींच्या भावना पटकन दुखावतात, अगदी गेंड्यांच्यासुद्धा.

त्या जंगलात भिवबा साळिंदर आणि सखाहरी मुंगूस यांची बिळं शेजारी शेजारी. एका सकाळी दात घासता घासता दोघांची पैज लागली.

"मोरच मालक होणार," भिवबा म्हणाला.

"मोर? त्याला स्वतःचा पिसारा आवरत नाही, कंपनी काय आवरणार? कोल्हा होणार. लिहून घे."

"नाही झाला तर?"

"हरेल त्यानं भर बाजारात डोक्यावर सूप घेऊन एका पायावर उभं राहायचं आणि तीनदा ओरडायचं, माझी अक्कल शेण खायला गेली होती!"

"आणि तुझ्या बिळापुढचं ते झाड? तेही लाव की पैजेला," भिवबा म्हणाला.

"लावतो. पण फुकट नाही. तू हरलास तर तुझी माळावरची पुढची जागा माझी. मी हरलो तर माझं झाड तुझं."

साक्षीला यमुनाक्का घोरपडीला बोलावलं. अक्कानं एकदा गोष्ट धरली की ती सोडत नाही, असा तिचा लौकिक.

आता जागेचं सांगतो. जंगलात 'वनरंजन' नावाची खेळ-तमाशाची दांडगी कंपनी होती. मालक आबासाहेब हत्ती. अस्वल हलगी वाजवायचं, माकडं सोंगं काढायची, मोर नाचायचा आणि उरलेलं सगळं कोल्हा बघायचा. दर बाजारच्या दिवशी दुपारी मोकळ्या माळावर खेळ. रीत अशी, की सकाळीच जाऊन आपलं गोणपाट अंथरून जागा धरायची. गोणपाट पडलं की जागा तुमची, वाघसुद्धा त्यावर पाय देत नसे. खेळ आवडला तर एखादं कणीस ठेवायचं, नाही आवडला तर आपलं गोणपाट झटकून चालू पडायचं.

भिवबाची जागा सगळ्यांत पुढं, पार आज्यापासूनची. गोणपाटही आज्याचंच. त्याच्या मधोमध उंदरानं कुरतडलेलं एक भोक होतं. बायको म्हणायची, ठिगळ लावते. भिवबा म्हणायचा, "हात लावू नकोस. आज्याच्या वेळचं भोक आहे." खेळ म्हणजे त्याचा जीव. एक खेळ चुकला तर आठवडाभर त्याचे काटे पडून असायचे.

तर त्या आबासाहेबांनी जाहीर केलं होतं, "आता सोंड दुखते. वारसाला गादी देऊन मी बाजूला होतो." वारस कोण, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जंगलाला उद्योग काय राहिला असता?

झालं. जंगल दोन गटांत फुटलं. "मोर नाचेल, कंपनी वाचेल!" एकीकडून. "हुशार कोल्हा, बाकी पालापाचोळा!" दुसरीकडून. सशांच्यात ठरलेलं लग्न मोडलं, कारण नवरी कोल्हेवाली निघाली. ज्या रानडुकरांनी जन्मात एक खेळ पाहिला नव्हता, ती कलेच्या भवितव्यावर दिवसभर बोलायला लागली. वटवाघळं तर दोन्ही गटांत होती, वरून बघाल तसं. आणि या गडबडीत तीन बाजार झाले, खेळ एकही झाला नाही. ते फक्त भिवबाच्या लक्षात आलं. पण तोही म्हणाला, "आधी मोर बसू दे, मग बघू."

मग दोघांची भाषणं झाली. मोरानं पिसारा फुलवला आणि म्हणाला, "मी कोण? तुमच्यातलाच एक." कोंबड्या रडल्या. कोल्हा म्हणाला, "मला गादी नको. पण तुम्ही आग्रहच केला, तर जनतेचा अपमान करण्याचे संस्कार माझ्यावर नाहीत." कुणीही आग्रह केला नव्हता. लगेच केला.

शेवटी आबासाहेबांचा हुकूम निघाला. जनतेचा कौल घेणार. ज्याला जो हवा, त्याच्या ढिगावर आपलं गोणपाट टाकावं.

यमुनाक्का म्हणाली, "आणि मग बुड कुठं टेकायचं?"

कोल्हा हात जोडून म्हणाला, "अक्का, इतिहास घडताना कुणी बसून राहतं का?"

टाळ्या पडल्या. भिवबानं आज्याचं गोणपाट दोनदा उचललं, दोनदा खाली ठेवलं. सखाहरी डिवचायला टपलेलाच. "काय रे, तुझ्या मोरापेक्षा फाटकं गोणपाट मोठं?" भिवबाचे काटे उभे राहिले. टाकलं त्यानं मोराच्या ढिगावर.

दोन डोंगराएवढे ढीग झाले. कुठला उंच ते कळेना. तेव्हा निःपक्षपातीपणे मोजणी व्हावी म्हणून आबासाहेब स्वतः आधी एका ढिगावर बसले, मग दुसऱ्यावर. दोन्ही सपाट.

"कौल समसमान," आबासाहेब म्हणाले. "म्हणजे जनतेला दोघंही नकोत. जनतेच्या मनातला वारस आमच्या सूनबाईंच्या पोटात आहे. नववा महिना लागलाय."

"म्हणजे आता येईलच की!" ससे उड्या मारायला लागले.

"हत्तीण आहे ती," अक्का म्हणाली. "बावीस महिने लागतात."

"तोवर मोर आणि कोल्हा मिळून सांभाळतील," आबासाहेब म्हणाले. मोरानं कोल्ह्याला मिठी मारली. कोल्ह्यानंही मारली, आणि सवयीनं एकदा मानेचा वास घेतला.

गोणपाटांचं काय? कौल पवित्र असतो, तो जपून ठेवायला हवा. म्हणून सुगरण पक्ष्यांना कंत्राट दिलं. त्यांनी सगळी गोणपाटं एकाला एक शिवली आणि माळाभोवती दहा हात उंच कनात उभी केली. आत जायला एकच खिडकी, माणशी नव्हे, जनावरी पाच कणसं. बसायच्या गोणपाटाची कणसं वेगळी.

बाजाराच्या दिवशी भिवबानं सखाहरीला गाठलं. "चल. तुझा कोल्हा नाही, माझा मोर नाही. दोघंही हरलो. दोघंही उभं राहू."

"मी कसा हरलो?" सखाहरी म्हणाला. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, पोटातलाच येणार!"

"अरे, दात घासताना कोल्हा म्हणालास!"

"तोंडात फेस होता. तुला नीट ऐकू आलं नसेल."

"मी ऐकलंय," अक्का गरजली. "कोल्हाच म्हणाला हा."

पण भोवतीची गर्दी सखाहरीच्या बाजूनं उभी राहिली. का, तर गर्दीतला प्रत्येकजण आता पहिल्यापासून पोटातल्याचाच होता. मोरवाले होते, कोल्हेवाले होते, पण मी चुकलो म्हणणारा अख्ख्या जंगलात भिवबा एकटा. एक हरणारा लागतोच. तो मिळाला.

"दे तर मग सूप. जागा तशीही कनातीनं गिळलीय," भिवबा म्हणाला. अक्कानं डोळे पुसत त्याच्या डोक्यावर सूप ठेवलं. कनातीला टेकून तो एका पायावर उभा राहिला.

"माझी अक्कल शेण खायला गेली होती!" गर्दी खदखदली.

"माझी अक्कल शेण खायला गेली होती!" शिट्ट्या पडल्या.

तोल गेला म्हणून त्यानं कनातीला धरलं, तर बोट ओळखीच्या भोकात गेलं. आज्याचं भोक! त्यानं डोळा लावला. आत खेळ नव्हता. रंगमंचावर गवत वाढलं होतं. आबासाहेब, मोर आणि कोल्हा मांडी ठोकून कणसं खात होते.

"अरे, आत काहीच नाही!" भिवबा ओरडला. "आत खेळच नाही! या, बघा, इथं भोक आहे!"

"गप रे, हरलेल्यानं बोलू नये," सखाहरी म्हणाला. "तिसऱ्यांदा ओरड आधी."

भिवबानं सगळ्यांकडं एकवार पाहिलं. मग सूप सावरलं आणि मनापासून ओरडला, "माझी अक्कल शेण खायला गेली होती!"

अशा टाळ्या त्या माळावर कित्येक बाजारांत पडल्या नव्हत्या. आवाज ऐकून कोल्ह्यानं खिडकीतून डोकं काढलं, दाढीचे दाणे झटकले आणि म्हणाला, "छान झाला खेळ. पाच पाच कणसं काढा."

जनावरं शिस्तीत रांगेला लागली. मोरवाल्यांची रांग वेगळी, कोल्हेवाल्यांची वेगळी. खिडकी एकच होती.