सोन्याची पेटी आणि ऐनाची ढोली

एका राज्यात झाडं फुलायची भरभरून, आणि फळ म्हणाल तर एकही धरायचं नाही. आंब्याचा मोहर गळे, जांभळाचा बहर गळे, भोपळीच्या वेलावर नुसती पिवळी फुलं उघडत आणि मिटत. पाखरं उपाशी, माणसं उपाशी. राजा मात्र मजेत होता, कारण त्याच्या तळघरात सोन्याची पेटी होती.

राजाचं नाव वज्रकेतू. त्याला मरायचं नव्हतं, एवढंच त्याचं दुखणं, आणि त्या दुखण्यावर जटाळ नावाचा मांत्रिक दरबारात पोसला होता. पोयाच्या माश्या असतात ना, तिळाएवढ्या, काळ्या, नांगी नसलेल्या, त्या झाडाच्या ढोलीत मेणाच्या बोराएवढ्या कुप्या करून त्यांत आंबटगोड मध साठवतात. राज्यातली प्रत्येक ढोली एका पेटीत रिकामी केली, की त्या पेटीतला मध पिणाऱ्याला मरण नाही, असं जटाळानं सांगितलं. मग काय, राजाच्या माणसांनी रानोमाळ ढोल्या फोडल्या आणि राणीमाश्या उचलून पेटीत टाकल्या. राण्यांमागून माश्या आल्या. त्या उडून जाऊ नयेत म्हणून जटाळानं मंत्र घातला, आणि माशीन् माशी सोन्याची कणी झाली. फुलाफुलांवर फिरायला माशीच उरली नाही, मग फळ धरणार कुठून?

एकच ढोली राहिली, ती रेवणीच्या ऐनाच्या झाडात. रेवणी रानातल्या वस्तीत राहायची. तिच्या घरातल्या बायका पिढ्यानुपिढ्या ती ढोली सांभाळत आल्या होत्या. बाई कष्टाळू, पण राग सदा नाकावर. शिपाई कुऱ्हाडी घेऊन आले तेव्हा ती झाडाला पाठ लावून उभी राहिली, आणि ढोलीतून माश्यांचा लोट निघाला. नांगी नसली म्हणून काय झालं? त्या शिपायांच्या केसांत शिरल्या, कानांत शिरल्या, मिशांना लोंबकळून चावल्या आणि पापण्यांना डिंक चिकटवून आल्या. शिपायांच्या अक्षरशः नाकी नऊ आले आणि ते हात हलवत परतले.

त्या ऐनावर एक म्हातारा धनेश पक्षी बसायचा. धनेश बोलत असे, त्याचं कुणाला नवल नव्हतं. तो रेवणीला म्हणाला, की मांत्रिकाला शाप घालताना सुटकेची अट बोलावीच लागते, आणि जटाळाची अट त्यानं स्वतः राजवाड्याच्या खिडकीत बसून ऐकली होती. कुणाच्याही हुकमावाचून एखादी राणी आपल्या पायांनी पेटीत शिरली, तर शाप तुटेल. हे बोलून जटाळ पोट धरून हसला होता, कारण त्या वाड्यात मांजरंसुद्धा हुकमानं चालत.

रेवणी तडक दरबारात गेली आणि तिनं पेटी मागितली. जटाळ म्हणाला, पेटी मागणाऱ्यानं तीन कामं करावीत असा दंडक आहे. तिनं कामं विचारली.

पहिलं काम तळघराचं दार ओलांडण्याचं. तिथे लोखंडाचा वाघ बसला होता आणि त्याच्या नजरेला नजर भिडली की माणसाचा दगड होई. रेवणी पाठमोरी चालत गेली, मागे हात करून तिनं त्याचे डोळे चाचपले आणि ढोलीतल्या डिंकानं लिंपून टाकले. वाघ झोपी गेला.

दुसऱ्या कामासाठी जटाळानं पेटी उघडली. या कण्यांतली खरी माशी कोणती ते ओळख, असं त्यानं फर्मावलं. रेवणीनं ढोलीतलं मेण तळहातावर धरलं. साऱ्या कण्या थरथरत त्या हाताकडे घरंगळल्या.

"सगळ्याच खऱ्या आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्याचाही तिला राग आला.

जटाळानं तिसरं काम सांगितलं. "ऐनातली राणी उचलून आण."

रेवणीनं डाव ओळखला. हुकमानं राणी आणली, की शेवटची ढोलीही सोन्याची होणार आणि रान कायमचं वांझ राहणार.

"नाही आणणार," ती म्हणाली.

"मग मरशील," राजा म्हणाला.

"मरेन, महाराज. पण जुनी राणी जागची हलत नाही. तिचं पोट जड, तिला उडता येत नाही. ती असेल तिथेच घर. पेटी झाडाकडे न्या."

जटाळ राजाच्या कानाला लागला. पेटी झाडाखाली नेऊ, तिथेच ऐन तोडू आणि ढोली आत ओतू, म्हणजे कटकट मिटली. राजाला ते पटलं. पेटी पालखीतून निघाली, आणि ती नजरेआड होऊ नये म्हणून राजाही मागोमाग आला.

नवं घर करायची रेवणीकडची रीत साधी. तिनं पोकळ वेळू घेतला, एक तोंड ढोलीच्या भोकाला लावलं, दुसरं पेटीच्या कुलपाच्या छिद्राला, आणि खोडाला टेकून बसली. माश्यांना वाटलं तर त्या नवं घर बांधतात. नाही वाटलं तर नाही.

राजानं शिपायांना झाड तोडायचा हुकूम केला. शिपायांची पोरं घरी उपाशी होती. त्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. राजानं जटाळाला हुकूम केला. जटाळानं मंत्रासाठी तोंड उघडलं, तर माश्यांनी त्याच्या ओठांना डिंक लावला. मग राजा वेळूपाशी जाऊन स्वतःच ओरडला, "राणी, बाहेर ये." ओरडून ओरडून त्याचा घसा बसला, आवाज गेला, आणि रानात कुणाचाच हुकूम उरला नाही.

पौर्णिमा गेली, अमावास्या गेली. माश्या जुन्या घरातून मेण नेत होत्या, मध नेत होत्या, पेटीत कुप्या बांधत होत्या. मग एका सकाळी एक कोवळी राणी ढोलीतून निघाली आणि वेळूतून चालत चालत पेटीत गेली.

सोनं वितळलं. कण्यांच्या माश्या झाल्या आणि काळा धूर उठावा तशा साऱ्या रानभर पसरल्या. शाप उलटला तो जटाळावर, आणि तो तेवढा सोन्याची कणी होऊन गवतात पडला. तो कुणी उचललाही नाही. पुढच्या पंधरवड्यात आंब्याला बाळकैऱ्या धरल्या.

राजाचा आवाज परतला तेव्हा तो रेवणीला म्हणाला, "मला मध हवा."

"देते. पण त्यानं मरण टळत नाही."

"तरी हवा."

"ढोली कमरेच्या खाली आहे. मध काढायचा तर गुडघे टेकावे लागतात. मीही टेकते."

राजानं शिपायांकडे पाहिलं. ते सगळे त्याच्याकडेच बघत होते. मग तो माती न झटकता खाली बसला, वाकला आणि त्यानं ढोलीत बोट घातलं. बोट चाटताच आंबटानं त्याचं तोंड वाकडं झालं, आणि रेवणी किती तरी दिवसांनी मोठ्यानं हसली.