उतरलो गं देवकू

फार वर्षांपूर्वी, होड्यांना खिळे माहीत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा फळीला फळी लावायची आणि नारळाच्या सुंभाने शिवायची, गोधडी शिवतात तशी. काळखडप गावात सगळ्या होड्या अशाच होत्या. आणि गावाला वाळू म्हणून नव्हती. किनारा म्हणजे नुसता खडक, त्यावर सुरीसारखी धारदार कालवं. तिथल्या लाटांत एकटी होडी उलटायची, म्हणून दोन लहान होड्या शेजारी धरून वरून आडव्या वाशांनी बांधत. तिला म्हणत जोडहोडी. जोडहोडी उलटायची नाही हे खरं. पण खडकाला लागताना एक होडी वर चढायची, दुसरी खाली पाण्यात लोंबकळायची, आणि मधले वासे करकरायला लागायचे.

ती करकर देवकूला घरात ऐकू यायची. देवकू म्हणजे धाकूची बायको. मांडीवर तान्ही मुलगी, हातात काथ्या. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवायची, बडवायची, काथ्या सोडवायचा, सुंभ वळायचं. तळहाताची साल निघायची. आणि हे बाप्ये संध्याकाळी येऊन होड्या खडकावर घासून तेच सुंभ कापून ठेवायचे.

कारण काय, तर कुणी आधी उतरायचं नाही. लाटेवर बसून थेट खडकावर यायचं. जो जास्त वर चढेल तो मर्द. आता कमरेएवढ्या पाण्यात उतरलं, दोन्ही बाजूंनी होडी उचलून धरली, तर काय बिघडतं? पण नाही.

"अहो, जरा आधी उतरत जा," देवकू म्हणायची.

"दिवसभर वल्हवून आलोय. आता भिजू होय?" धाकू म्हणायचा.

"समुद्रातून आलात ना? मग कोरडे कुठे होतात? भिजाल, मग वाळाल."

धाकू हसायचा. देवकूला हसू यायचं नाही. ती लहान असताना तिचा बाप असाच थाटात खडकावर चढला होता. सगळ्यांनी वाहवा केली. तळाची शिवण तुटलेली कुणी पाहिली नाही, तळाला वाकून बघतो कोण. दुसऱ्या दिवशी भर समुद्रात होडी उसवली. गाव म्हणालं, समुद्र कोपला. देवकू तेव्हापासून जाणून होती की समुद्राने काही केलं नव्हतं. आता धाकूची होडी खडकाला घासली की ती मांडीवरच्या पोरीला घट्ट धरायची.

त्या वर्षी होड्या फार फुटल्या. नारळी पौर्णिमेला होड्यांचा म्होरक्या भागोजी तांडेल म्हणाला, समुद्राला नारळ कमी पडतात, या वेळी घरातले सगळे द्या. सगळे, सोडणासकट. म्हणजे वर्षभराचं सुंभही पाण्यात. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

देवकू पुढे झाली आणि तिने तांडेलाच्या हातातला नारळ काढून घेतला.

"मामा, त्याला नारळ द्या. सोडणाचं तो काय करणार? सुंभ वळणार आहे?"

"पोरी, देवाचं अडवू नकोस. काही वाईट झालं तर तुझ्या माथी."

"माझ्या माथी तर रोजच आहे," देवकू म्हणाली, आणि तिथेच पहारीवर नारळ सोलायला बसली. मग एकेक करून सगळ्या बायका बसल्या. समुद्राला सोललेले नारळ मिळाले. त्याने काही तक्रार केल्याचं कुणाला आठवत नाही.

उरलेलं सोडण देवकूने फाटक्या जाळ्यांत ठासून भरलं, त्याच्या गाद्या केल्या आणि खडकावर बांधल्या. बाप्यांना मोठीच गंमत वाटली. "देवकूने समुद्राचं अंथरूण घातलंय," म्हणत ते पूर्वीसारखेच चढले, अख्खं वजन घेऊन. गाद्या फाटल्या. देवकूने शिवल्या. पुन्हा फाटल्या, पुन्हा शिवल्या. असं म्हणतात की त्या दिवसांत ती इतकं बोलली की किनाऱ्यावरचे कावळे गाव सोडून गेले.

मग एका दुपारी अवेळी वारा सुटला. सगळ्या जोडहोड्या परत फिरल्या, मागे माडाएवढ्या लाटा. अशा लाटेवर बसून खडकावर येणं म्हणजे होडीच्या चिंध्या आणि माणसांच्याही. देवकूने मुलगी सासूकडे दिली आणि पाण्यात शिरली. छातीएवढ्या पाण्यात, होड्या जिथून वर येतात नेमकी त्या वाटेत, ती उभी राहिली. लाटा तिच्या डोक्यावरून गेल्या, पण ती हलली नाही, असं म्हणतात.

पहिली होडी तांडेलाची. "बाजूला हो, बये," तो ओरडला.

"तुम्ही उतरा," देवकू म्हणाली. त्या वाऱ्यात तिचा आवाज शेवटच्या होडीपर्यंत पोचला, असं म्हणतात.

आता हिच्या अंगावर होडी घालायची, नाहीतर उडी मारायची. तांडेलाने उडी मारली, शिव्या देत. मागोमाग त्याच्या माणसांनी. रिकामी जोडहोडी माडाच्या झापासारखी हलकी झाली, लाटेने दोन्ही होड्या एकदम उचलल्या आणि देवकूच्या बाजूने गादीवर नेऊन टेकवल्या. वासे करकरले नाहीत. सगळ्या होड्या तशाच आल्या. शेवटची धाकूची. तो पाण्यात तिच्या शेजारी उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "उतरलो गं देवकू."

बाप्ये सांगतात, ती तिथेच दगड झाली. बायका म्हणतात, दगड व्हायला तिला वेळ कुठे होता, पोर भुकेलं होतं. ती घरी आली, म्हातारी झाली आणि रोज संध्याकाळी त्या पाण्यात जाऊन उभी राहिली, कारण बाप्यांचा भरवसा नव्हता. ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मात्र त्या जागी छातीएवढा दगड दिसला. आदल्या दिवशी तो नव्हता. त्यावर कालवं धरत नाहीत. नुसतं मऊ शेवाळ उगवतं, काथ्याच्या रंगाचं.

आता होड्यांना इंजिनं आली. तरी काळखडपात समुद्राला नारळ सोलूनच देतात, आणि सोडण जाळ्यांत भरून खडकावर बांधतात. आणि दगडाशी आलं की इंजिन बंद करून सगळे पाण्यात उतरतात. तांडेल असो, पाहुणा असो, पलीकडच्या गावाहून वरात घेऊन आलेला नवरदेव असो. तो बिचारा फेटा सावरत म्हणतो, "उतरलो गं देवकू," आणि वर खडकावरून साऱ्या बायका एका सुरात त्याला सांगतात, "भिजाल, मग वाळाल."