साल पांघरलेलं पाणी

डोंगराच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचं एक गाव होतं, आणि त्या गावात एक बाप आपल्या एकुलत्या एका लेकीला घेऊन राहत होता. आई लवकर गेलेली, म्हणून वेणी घालण्यापासून सगळं त्यानंच केलेलं. वेणी वाकडी यायची, पण लेक कधी बोलली नाही. तिचं नाव तानी.

त्या गावाला आपल्या पाण्याचा भारी तोरा. झऱ्याचं पाणी, वाळा न घालता वाळ्यासारखं लागायचं. दोन उकळ्यांत डाळ शिजायची. पाहुणा जेवला की जेवण कसं झालं ते कुणी विचारायचं नाही, पाणी कसं लागलं ते विचारायचे.

तानी लग्नाची झाली तेव्हा बापानं खाडीकाठच्या गावात स्थळ पाहिलं. शेत पाहिलं, गोठा पाहिला, मुलाच्या हाताला घट्टे आहेत का तेही पाहिलं. सासू तोंडानं फटकळ पण मनानं निर्मळ, हे चार ठिकाणी विचारून घेतलं. सगळं झालं आणि पाणी तेवढं चाखायचं राहिलं. चाखणार तरी कसं? लेकीच्या घरचं पाणी बापानं नातवंड झाल्याशिवाय प्यायचं नाही, अशी रीत. आणि हा रीतीचा इतका पक्का, की सोयरीक ठरायच्या आधीपासूनच त्यानं ती पाळायला घेतली.

वैशाखात लग्न झालं. भाद्रपदात तानी गौरीला माहेरी आली ती काखेतलं बोचकं न ठेवताच माठापाशी गेली आणि उभ्या उभ्या तीन तांबे पाणी प्यायली. बाप बघत राहिला. मग खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, तिकडची विहीर जरा खारी आहे, डाळ शिजायला वेळ लागतो, बाकी काही नाही, माणसं चांगली आहेत.

माणसं चांगली आहेत हे बापाला ऐकूच गेलं नाही. कानात राहिली ती खारी विहीर.

तेव्हापासून दर आठव्या दिवशी तो गाडी जुंपायचा. झऱ्याच्या पाण्यानं दोन कळशा भरायच्या, तोंडाला फडकं बांधायचं आणि तीन कोस हाकत खाडीकाठी न्यायच्या. स्वतःपुरता तांब्या वेगळा. लेकीच्या ओटीवर बसून तो आपल्या तांब्यातलं पाणी प्यायचा आणि उन्हं कलली की परत. तिथली माणसं म्हणायची, आले पाणीवाले व्याही. सासूला ते लागायचं. घरात जे असेल ते बाई सुनेला आधी वाढायची, आणि विहीर काही तिनं खारी केलेली नव्हती. पण व्याह्यांपुढे काय बोलायचं म्हणून गप्प बसायची.

तानीचं वेगळंच. सहा माणसांच्या घरात एकटीनं वेगळं पाणी कसं प्यायचं? ती सगळ्यांना घोट घोट द्यायची. उरलेलं ओतून टाकायला तिचा जीव धजायचा नाही. भात कापून झाला आणि घरच्यांनी कलिंगडं लावली, तेव्हा त्यातली चार वेलांची एक लहानशी ओळ तिनं मागून घेतली. बापाला ती आबा म्हणायची, म्हणून तिला नाव ठेवलं, आबांची ओळ. तिला विहिरीचं पाणी घालायचं नाही, बापानं आणलेलंच ओंजळ ओंजळ घालायचं आणि पहिलं फळ बापाला द्यायचं. बाकीच्या ओळी सासू विहिरीच्या पाण्यावर शिंपायची.

उन्हाळा लागला. शेतात राबून तानी रापली, जरा वाळलीही. बापाला वाटलं, हे खाऱ्या पाण्यानंच. फाल्गुनात त्यानं ओटीवर बसून सांगून टाकलं, की पुढच्या खेपेला मी हिला न्यायला येईन. तुम्ही गोड्या पाण्याची विहीर खणा, पाणी लागलं की घेऊन जा. नाही लागलं तर माझी लेक मला जड नाही.

त्या दिवशी घरात कुणाला जेवण गेलं नाही. खाडीकाठी गोडी विहीर लागणार कुठून? नवरा म्हणाला, तूच सांग त्यांना. तानी म्हणाली, सहा महिने जो माणूस माझ्यासाठी पाणी वाहतोय, त्याला कुठल्या तोंडानं सांगू की मला इथंच बरं वाटतं?

आठव्या दिवशी गाडी आली. आज कळशा नव्हत्या, लेकीला बसायला गोधडी अंथरलेली होती. तानीनं बोचकं बांधून ठेवलं होतं, कारण बापाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. एवढंच म्हणाली, की आबा, निघण्याआधी एक फळ खा. फळाला रीत आड येत नाही. ते वेलाचं, माठातलं नाही. बाप बसला.

तिनं आबांच्या ओळीतलं सगळ्यात मोठं कलिंगड आणून कापलं. आतून फिकट निघालं. बापानं फोड तोंडात घातली. चव अशी, की कच्चा दुधी चावावा. त्यानं ती सालापर्यंत खाल्ली आणि म्हणाला, "गोड आहे गं."

तानीनं एक तुकडा चाखला आणि तिचे डोळे भरून आले. एवढ्या मायेनं घातलेलं पाणी, आणि फळ असं पांचट.

सासू इतका वेळ दाराशी उभी होती. ती शेतात गेली. दुसऱ्या ओळीतलं एक कलिंगड टिचकी मारून पाहिलं, उचललं आणि ओटीवर आणून फोडलं. आत लालबुंद. बापानं एक फोड खाल्ली आणि थांबला. मग न विचारता दुसरी घेतली, तिसरी घेतली. रस कोपरापर्यंत ओघळला. हे कुठलं, म्हणून त्यानं विचारलं.

"शेजारच्याच ओळीतलं," सासू म्हणाली. "माती तीच, शेणखत तेच, बी पण एकाच फळाचं. ती ओळ तुमचं पाणी प्यायली, ही आमचं."

"ते खारं?"

"खारंच. आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? गोड्या पाण्याची ओळ शेजारी लावून बघितली ती यंदाच." मग तिला राहवलं नाही. "आणि व्याही, कलिंगड म्हणजे काय, साल पांघरलेलं पाणीच ते. सहा महिने आमच्या घरचा घोट टाळलात आणि आज तीन फोडी प्यायलात. रीत तर मोडली, आता पोटभर तरी घ्या."

बाप हसला. हसता हसता त्याची नजर तानीच्या बोचक्यावर गेली. आपण शेत विचारलं, गोठा विचारला, विहीर विचारली, आणि एक गोष्ट विचारलीच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं.

"तानी, तुला यायचंय का गं?"

हातातली फिकी फोड तानीनं संपवली.

"यायचंय ना आबा. पण गौरीला, चार दिवसांची पाहुणी होऊन. आता फळं तोडायला आलीत, आणि सासूबाईंना वाकवत नाही."

बापानं डोक्याचं मुंडासं सारखं केलं. उठून बैल सोडले, त्यांच्यापुढे कलिंगडाच्या साली टाकल्या आणि लेकीच्या मागोमाग फळं तोडायला गेला.

तात्पर्य: विहिरीचं पाणी जिभेला कळतं, लेकीचं सुख मात्र लेकीलाच विचारावं लागतं.