ताऱ्यांकडून तुरीकडे

ताऱ्यांच्या अभ्यासात डॉक्टरेट मिळवलेला एक तरुण एकदा एका वृद्ध वनस्पतिशास्त्रज्ञांकडे गेला आणि म्हणाला, “सर, मला आता मातीत काम करायचे आहे. कडधान्यांच्या मुळांवर गाठी येतात, त्यांच्याविषयी वाचले आणि तेव्हापासून ताऱ्यांत लक्षच लागत नाही.” वृद्धांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत ठेवून घेतले.

तेथील विद्यार्थी वयाने त्याच्याहून लहान होते. ते त्याला ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टाही असे. सुरुवातीलाच त्याने मुगाच्या रोपाला तूर म्हटले, तेव्हा एकजण म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दुर्बीण आणून देऊ का?” सगळे हसले. तोही हसला, पण त्या दिवसापासून त्याने विचारणे सोडले. जे कळत नसे, त्यालाही तो मान डोलावू लागला.

एके दिवशी त्याला सांगण्यात आले, “सावलीतली रोपे हार्डनिंग करून बाहेर काढा.” त्याने मान डोलावली आणि रोपे सरळ उन्हात नेऊन ठेवली. हार्डनिंग म्हणजे रोपांना उन्हाची हळूहळू सवय लावणे, हे त्याला रोपे करपल्यावर कळले. साऱ्या हंगामाचे काम वाया गेले.

तो वृद्धांकडे गेला. “सर, माझे चुकले. इथे येण्यातच चुकले. मी परत जातो. तिकडे मला निदान काही तरी येत होते.”

वृद्ध रागावले नाहीत, त्यांनी त्याला अडवलेही नाही. “बरे,” ते म्हणाले, “पण जाण्याआधी शनिवारी आम्हाला ताऱ्यांविषयी काही सांग.” तरुणाला वाटले, हा आपला निरोपसमारंभ.

शनिवारी तो बोलू लागला, तोच वृद्ध पहिल्या रांगेतून म्हणाले, “थांब जरा. ताऱ्याजवळ कोणी गेलेले नाही. मग तो किती तापला आहे, हे तुम्ही सांगता कसे?”

मागे कोणी तरी खुदकन हसले. तरुण हसला नाही. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होत जाते, तसेच ताऱ्याच्या रंगावरून तो किती तापला आहे ते कळते, असे त्याने समजावून दिले.

“आणि तारे लुकलुकतात, म्हणजे विझून पुन्हा पेटतात का रे?”

आता सगळेच हसले. तरुणाने मात्र फळ्यावर हवेचे थर काढले आणि त्यांतून येताना ताऱ्याचा प्रकाश कसा हलतो ते दाखवले. ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली.

लोक गेल्यावर वृद्धांनी विचारले, “मी इतके बाळबोध प्रश्न विचारले. तुला मी कमी वाटलो?”

“नाही, सर. उलट बरे वाटले. इतके नीट मला कोणी विचारलेच नव्हते.”

वृद्ध उठून फळा पुसू लागले. मग म्हणाले, “मी आयुष्यभर तुरीवर काम केले. पत्नी गेली, तेव्हा लक्षात आले की आपल्याला तुरीची डाळ शिजवता येत नाही. शेजारच्या वहिनींना विचारायची लाज वाटली. कितीतरी दिवस अर्धीकच्ची डाळ खाल्ली. घरात दुसरे माणूस नव्हते, म्हणून कोणी पाहिले नाही, इतकेच. शेवटी विचारले, तर वहिनी म्हणाल्या, ‘अहो, एवढेच ना?’ तू डॉक्टरेटच्या वर्षांत काय केलेस? कोणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीपुढे बसून राहिलास, आणि ‘मला कळत नाही’ असे रोज स्वतःला सांगितलेस. तारे तिथे राहिले तर राहू देत. ही सवय मात्र बरोबर आणायची होती. नेमकी तीच तू तिकडे ठेवून आलास.”

सोमवारी तरुण आला. चर्चा चालू असताना त्याने हात वर केला. “एक विचारतो. मातीत इतके जिवाणू असतात. त्यांतल्या नेमक्या हव्या त्या, गाठी बनवणाऱ्या जिवाणूला तुरीचे मूळ बोलावते कसे?”

“डॉक्टरसाहेब, हे पहिल्या वर्षाला असते,” एक विद्यार्थी म्हणाला. “मूळ काही द्रव्ये सोडते. ती त्या जिवाणूला कळतात.”

“इतरांनाही कळत असतील ना? मग ते का येत नाहीत?”

विद्यार्थी हसत उठला, फळ्यापाशी गेला, खडू उचलला. त्याने एक मूळ काढले, त्याकडे येणारा एक बाण काढला, दुसरा काढता काढता पुसून टाकला. मग वळून म्हणाला, “खरे सांगू? मलाही नीट ठाऊक नाही.”

वृद्धांनी आपली खुर्ची पुढे ओढली. “मग बस,” ते म्हणाले, “आज यावरच बोलू.”