उपकाराचं पान

नदीवर पूल बांधायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्या काळची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका गावात एक म्हातारी सुईण राहत होती. सगळे तिला आजी म्हणत. निम्मं गाव तिच्याच हातांत जन्मलं होतं. बाळ का रडतं, बाळंतिणीला काय खाऊ घालावं, कुठल्या तापाला घाबरावं आणि कुठल्या नाही, सगळं तिला ठाऊक होतं.

नदीपल्याड एक वाडी होती. तिथं सुईण नव्हती. पावसाळ्यात पूर आला की नाव बंद, आणि चार महिने वाडी एकटी. म्हणून वाडीच्या बायकांनी आजीला कागद आणून दिले आणि विनवलं, तुला येतं ते सगळं आम्हाला लिहून दे, कुणाकडून तरी वाचून घेऊ. आजी म्हणाली, देते, या पावसाळ्याच्या आत देते.

तो पावसाळा गेला. दुसराही गेला. पोथी काही झाली नाही.

आजी आळशी होती असं मात्र समजू नका. रोज सकाळी ती दौत-बोरू घेऊन बसायची. पण त्या मुलखात एक रीत होती. विद्येची पोथी लिहायची तर पहिलं पान उपकाराचं. ज्यांच्याकडून शिकलो त्या सगळ्यांची नावं त्यावर लिहायची. आजी लिहायची गुरुणीचं नाव, आईचं, झाडपाला दाखवणाऱ्या गुराख्याचं. पान भरत आलं की कुणाचं तरी नाव राहिलेलं आठवायचं. मग ती हळहळायची, पान काढून टाकायची आणि नवं घ्यायची. जुनं पान दारातली शेळी खायची.

एक दिवस शेळी पान चघळत म्हणाली, "बाई, पंचवीस वेळा पहिलंच पान खाल्लं. दुसऱ्या पानाची चव कशी असते गं?"

"गप गं," आजी म्हणाली. "उपकार विसरून चालतं का?"

पण तिच्या मनाला ते लागलं. तिची नजर आता अधू होत चालली होती. आणि गेल्या पावसाळ्यात वाडीतला एक पाळणा रिकामा झाला होता. काय करायचं ते तिथं कुणालाच माहीत नव्हतं. कुणी आजीला बोल लावला नाही. पण तेव्हापासून पाळण्याचं गाणं कानावर आलं की ती मान खाली घालायची.

तिसऱ्या वर्षी, नाव बंद व्हायला आठ दिवस उरले असताना, गावातली एक लेक आजीकडे आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तीन महिन्यांचं बाळ घेऊन आता सासरी, त्या वाडीलाच निघायची होती. आई नवी असली की तिला झोपलेल्या बाळाचीही काळजी असते. श्वास चालू आहे ना, म्हणून ती नाकाशी बोट धरून बघते. या पोरीचं तसंच होतं. तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. भुकेचं रडणं कसं ओळखायचं, पोट फुगलं तर काय करायचं, दूध ओकलं तर काय करायचं. आजी सांगत गेली.

ऐकता ऐकता पोरीचे डोळे भरून आले. "आजी, घाबरले की मी सगळं विसरते. एवढं लिहून दे."

"देते गं. आधी उपकाराचं पान होऊ दे."

पोरीनं बाळाला खांद्यावर घेतलं. मग हळूच विचारलं, "तुझ्या गुरुणीनं तुला शिकवलं, तेव्हा आधी नावं म्हणून दाखवली होती का?"

आजीला तो दिवस आठवला. गुरुणीनं काहीच म्हटलं नव्हतं. कळा देणाऱ्या बाईजवळ तिला ओढून बसवलं होतं, तिचा हात हातात घेऊन म्हणाली होती, "धर इथे." तेवढंच. देणाऱ्यानं नाव मागितलंच नव्हतं.

आजीनं पहिलं पान कोरं सोडलं. दुसऱ्या पानावर लिहिलं, "बाळ रडतं तेव्हा."

मग पोरगी रोज यायची, मनातली एकेक भीती विचारायची, आणि आजी तिचं उत्तर लिहायची. शेक आधी आपल्या मनगटावर लावून बघावा. अंगावर पिणारं बाळ पिणं सोडून मलूल पडलं, तर वाट बघू नये, जमेल त्या वाटेनं ताबडतोब वैद्य गाठावा. अक्षर वाकडं आलं तरी आजीनं पान फाडलं नाही. शेळीला आठ दिवस गवतावर भागवावं लागलं. आठव्या दिवशी शेवटची नाव सुटली, तेव्हा पोथी दोऱ्यानं शिवून पोरीच्या पदरात होती.

पूर ओसरला. पहिल्याच नावेनं पोरगी परत आली. बाळ कडेवर, चांगलं गुटगुटीत. वाडीतला एकही पाळणा रिकामा झाला नव्हता. तिनं पोथी उघडून आजीच्या मांडीवर ठेवली.

पहिलं पान कोरं नव्हतं. पोथी पोरगीच वाचून दाखवायची, वाडीतल्या बाकी बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण ज्या आईच्या बाळाला पोथी उपयोगी पडली, तिनं त्या पानावर हळदीचं बोट उमटवलं होतं. सोळा बोटं होती.

आजीला नीट दिसेना. तिनं पानावरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेली. हळदीचा वास आला, आणि तिनं हात जोडले. गुरुणीला, आईला, गुराख्याला, आणि ज्यांची नावं आठवत नव्हती त्या सगळ्यांना.

शेळी दारातून म्हणाली, "हे पान मात्र मी खाणार नाही."

मिळालेलं वेळेवर पुढे देणं, हेच उपकाराचं पहिलं पान.