साळिंदराची जागा

फार मागची गोष्ट. आंबे उतरवायला माणसांनी अजून झेला बांधला नव्हता. नदीकाठच्या आंब्याखाली सगळी जनावरं जागा धरून बसत. वाऱ्यानं पिकला आंबा पडे, तो ज्याच्यापुढे पडे त्याचा. बाकीची रोज जागा बदलत. म्हातारं साळिंदर मात्र एकाच दगडाशी बसे. त्याच्यापुढे अजून एकही पडला नव्हता.

एका सकाळी टिटवी धावत आली. "साळूदादा, पिलं निघाली अंड्यातून! आजच चालायला लागतील. या की बघायला."

"कसा उठू, बाई? इतकी वर्षं जागा धरली. मी उठलो आणि नेमका आजच पडला तर?"

"त्या दगडालाही आता तुमची दया येत असेल," म्हणत टिटवी परत पळाली.

साळिंदरानं वर पाहिलं. "आंबेआई, माझी पाळी जवळ आली असेल ना गं?"

"लेकरा, देठ सुटतो तेव्हा खाली कोण किती दिवस बसलंय, ते मला कुठं ठाऊक असतं?"

"मग जागा बदलू?"

"बदललीस तरी तेवढंच, नाही बदललीस तरी तेवढंच."

 साळिंदर उठून हळूहळू नदीकडे निघालं.

वाळूत एक पिलू धडपडत त्याच्या नाकाशी आलं. तेवढ्यात मागं आंबा पडल्याचा आवाज झाला. साळिंदराचे काटे ताडकन उभे राहिले. पण पिलू अगदी जवळ होतं, म्हणून त्यानं ते अलगद खाली घेतले. मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच दगडाशी बसलं. तिथली सावली त्याला आवडायची. टिटवीची हाक आली, की मात्र लगेच उठायचं.