चाळीस वर्षांचं धुकं

एकदा एक वृद्ध छायाचित्रकार घाटमाथ्यावरच्या एका गावी राहत असे, आणि चाळीस वर्षांत त्याने धुक्याखेरीज कशाचंही छायाचित्र काढलं नव्हतं. पहाटे कड्यावर जायचं, कॅमेऱ्याची तिवई रोवायची, दरीतून धुकं वर येण्याची वाट बघायची. ऊन चढलं, धुकं विरलं, की भिंगावर झाकण लावायचं आणि चहाला घरी. उघड्या उन्हातल्या डोंगराला तो नाक मुरडी. "उन्हात काय, सगळंच दिसतं," म्हणे. त्याची छायाचित्रं दिवाळी अंकांवर झळकली, कॅलेंडरांवर लागली, आणि लोकांनी त्याला शाली पांघरल्या.

त्याची एक शिष्या होती. समोरच्या उतारावरच्या वाडीतली, तिशीची, गुरूला आबा म्हणणारी. गुरूचा धडा तिने इतका पचवला होता की उन्हं चढली की तिचाही हात आपसूक झाकणाकडे जाई.

वाडीच्या खालच्या अंगाला एक राई होती आणि राईच्या पोटात बारमाही झरा. सगळी वाडी त्याच पाण्यावर जगे. मग एक कंपनी आली. राई तुटली, झरा इमारतीच्या पायाखाली गाडला गेला आणि वर काचेचं, काँक्रीटचं एक अतिथीगृह उभं राहिलं. अर्धं डोंगरात रुतलेलं, अर्धं दरीवर अधांतरी. खोटं कशाला बोला, इमारत देखणी होती. धुक्यात तर वाटे, कुणी ढगांवर जहाज नांगरून ठेवलंय. लांबलांबची माणसं कॅमेरे गळ्यात अडकवून तिच्यासाठी येत. आणि वाडीच्या बाया दोन डोंगर ओलांडून पाणी आणत.

वाडीने दाद मागितली, आमचं पाणी आम्हाला द्या. कंपनी म्हणाली, कसलं पाणी? इथे झरा नव्हताच, राईही नव्हती, उघडा माळ होता. सरकारी कागदावरही ती जागा पडीकच होती. सुनावणीचे साहेब म्हणाले, "राई आणि झरा दिसेल असं एक जुनं छायाचित्र आणा. एकच पुरे. आठ दिवस देतो."

शिष्येची ठकूआत्या वाडीच्या वतीने उभी होती. ती तिथेच हसली. "एकच? सायेब, आमच्या पोरीच्या गुरूकडं चाळीस वरसांच्या पेट्या भरल्यात. बघून बघून मान दुखंल तुमची!"

शिष्येने पेट्या उघडल्या. तीन दिवस ती जमिनीवर मांडी घालून बसली. प्रत्येक छायाचित्रामागे गुरूने पेन्सिलीने वार आणि जागा लिहिली होती. त्या उताराची सहाशेवर निघाली. सगळी पांढरी. कुठे झाडांचे चार शेंडे धुक्यावर आलेले, बुडणाऱ्याची बोटं वर यावीत तसे. एका छायाचित्रात धुकं फाटायला लागलं होतं आणि खाली काहीतरी काळंहिरवं दिसू लागलं होतं. तिने घाईघाईने पुढचं शोधलं. पुढचं नव्हतं. मागे लिहिलं होतं, 'ऊन आलं. संपलं.'

"आबा, याच्यानंतरचं?"

म्हाताऱ्याने ते हातात घेतलं. उलटून मागचं स्वतःचं अक्षर वाचलं. मग म्हणाला, "याच्यानंतर मी चहाला गेलो."

उरलं ते एकच. त्याला सुवर्णपदक मिळवून देणारं. कमरेवर घागर घेऊन धुक्यातून वर येणारी बाई. ती बाई म्हणजे तरुणपणची ठकूआत्या. आठव्या दिवशी शिष्येने तेच साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं. "सुंदर आहे. पण बाई, यात झरा कुठे आहे?"

"त्या पांढऱ्याच्या मागं हाय की!" ठकूआत्या म्हणाली. "ती बाई मीच हाय. घागर बघा, कंबर बघा. रिकामी घागर घेऊन कोण अशी वाकती व्हय?"

कंपनीचा वकील उठला. आवाज लोण्यासारखा. "साहेब, हेच छायाचित्र आमच्या स्वागतकक्षात लावलंय. पाहुण्यांना फार आवडतं. घागर कुठेही भरता येते."

दावा फेटाळला गेला.

परतीच्या वाटेवर आत्या भाचीच्या पुढे पुढे चालली. फाट्याशी थांबून एवढंच म्हणाली, "इतकी वरसं म्हातारा समोर उभा हुता. एकदा खाली बघितलं असतं तर काय डोळं गेलं असतं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्या कड्यावर गेली, तर गुरू आधीच आलेला. आणि धुकं असं की तसं दहा वर्षांत पडलं नव्हतं. दरी काठोकाठ भरलेली, त्यावर ते काचेचं जहाज गुलाबी उजेडात तरंगत होतं. कठड्याशी हौशी मंडळींची रांग लागली होती, वाहवा चालली होती. एवढं सगळं होऊनही शिष्येचा हात कॅमेऱ्याकडे गेला. गुरूने गळ्यातला मफलर काढला आणि तिच्या कॅमेऱ्याला गच्च बांधला.

"आजोबा, काय करताय?" एक जण ओरडला. "असं धुकं पुन्हा मिळणार नाही!"

"म्हणूनच बांधतोय," गुरू म्हणाला आणि खडकावर बसला.

ऊन चढलं. मंडळी पांगली. खडक तापला. शिष्या तिवईशी बसून राहिली. भर दुपारी गुरूने मफलर सोडला आणि डावीकडे बोट केलं. तिथे दुसरी एक राई होती, लहानशी. तिच्या बुंध्यांवर गेल्याच आठवड्यात कंपनीच्या माणसांनी तोडणीच्या खुणेचे चुन्याचे पट्टे ओढले होते. कडेला गढूळ पाण्याचं डबकं, धुण्याचा दगड, निळा ड्रम, विजेची तार.

"काढ."

"आबा, या उन्हात? तोंडात मारल्यासारखं ऊन आहे. तार मध्ये येतेय, ड्रम येतोय. हे कुणी भिंतीला लावणार नाही."

"नको लावू देत," गुरू म्हणाला. "पोरी, तार नको, ड्रम नको, शेण नको, म्हणून मी चाळीस वर्षं धुक्याची वाट पाहिली. मला जे नको होतं ते मी धुक्यात ठेवलं. त्यातच तुझा झरा होता. मग कंपनीला जे नको होतं, ते तिने माझ्याच धुक्यात ठेवलं. तिला वेगळं काही झाकावं लागलं नाही. मी आयतं झाकून ठेवलं होतं, मागे वार लिहून."

शिष्येने विचारलं, "याने ही राई वाचेल?"

"नाही. चुना लागलाय." त्याने डोळे मिटले. "पण उद्या कुणी ही राई नव्हतीच म्हणालं, तर त्याला निदान या छायाचित्राच्या तोंडावर खोटं बोलावं लागेल. माझ्यामुळे त्यांना तेवढेही कष्ट पडले नाहीत."

खालच्या वाटेने ठकूआत्या लांबच्या पाण्याहून येत होती. शिष्येने हाक मारली, "आत्या, तिथंच थांब. झाडं मोज."

आत्याने वर पाहिलं. म्हातारा दिसला. तिने तोंड फिरवलं. पण घागर खाली ठेवून, बोट नाचवत, मोठ्याने मोजायला लागली.

त्या छायाचित्रामागे शिष्येने लिहिलं, 'शुक्रवार, भर दुपार. झाडं चौतीस. पाणी आहे.' त्या दिवशी झाकणाकडे तिचा हात गेला नाही.

जे फार सुंदर दिसतंय, त्याच्याखाली काय आहे ते ऊन असतानाच बघून घ्यावं. नंतर ऊन उरतं, बघायला काही उरत नाही.